दाजी पोरांना हात लावत नाहीत, पण आक्काला मारतात. पोरांवर काय परिणाम होत असेल?

धाकटी_मावशी:

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण, आम्ही आक्का म्हणतो, कागलला दिलीय. दाजी एमआयडीसीत कामाला, पगार चांगला, बाहेर कुणी त्यांना नाव ठेवणार नाही, गणपतीच्या मंडळात पुढं, कुणाच्या मयतीला पुढं. घरात मात्र आक्काला मारतात. रोज नाही. कधी जेवण गार झालं म्हणून, कधी माहेरी फोन केला म्हणून, कधी कारणच नसतंय. दारू पितात पण दारू न पिता पण मारलंय, त्यामुळं सगळं दारूवर ढकलता येत नाही.

पोरं दोन. मोठा नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटी साडेचार वर्षांची. दाजी पोरांना कधी बोट लावत नाहीत, उलट येताना खाऊ आणतात, रविवारी गाडीवरनं फिरवून आणतात, आणि आमच्या घरचे सगळे हेच धरून बसलेत. आई म्हणते पोरांना जीव लावतोय न्हवं, मग पोरांसाठी तरी सोस. मामा म्हणतात बापाविना पोरं बिघडतात. आता आक्का स्वतः पण तेच बोलायला लागलीय.

पण मे महिन्यात पोरं आमच्याकडं राजारामपुरीत राहायला आलेली, तेव्हा जे बघितलं त्यानं मला झोप लागेना. खाली गल्लीत कुणाचीही मोटरसायकल थांबली की मोठा उठून टीव्ही बारीक करतोय आणि बहिणीची खेळणी गोळा करून दिवाणाखाली सारतोय. मी म्हटलं बाळा इथं पप्पा नाहीत, तर म्हणतोय माहिताय मला, आणि थोड्या वेळानं परत तसंच. धाकटीचं अंथरूण ओलं करायचं कधीच बंद झालेलं, ते परत सुरू झालंय, आणि मी नुसती संडासला गेले तरी दाराबाहेर उभी राहून रडते. एके दिवशी तिच्या हातनं दूध सांडलं तर मोठ्यानं तिच्या थोबाडीत मारली आणि म्हणाला "अक्कल हाय का तुला", अगदी दाजींच्या आवाजात. मग स्वतःच बाथरूमला कडी लावून रडत बसला.

मला विचारायचंय की मार पोरांना बसत नसला तरी हे सगळं त्यातूनच होतंय का? मोठी झाली की आपोआप जातंय का? आणि "पोरांसाठी रहा" हे खरंच पोरांच्या भल्याचं आहे का? कुणाला माहीत असेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

पेठेतला:

ताई, मी तुमच्या भाच्याच्या जागी होतो म्हणून लिहितोय. शिवाजी पेठेत वाढलो. वडील तालमीतले, लोक मान द्यायचे. आईला मारायचे, मला आणि धाकट्या भावाला नाही.

मोठ्या माणसांना वाटतंय पोरगं झोपलंय. झोपलेलं नसतंय. मी डोळे मिटून पडायचो आणि आवाजावरनं अंदाज घ्यायचो, भांडं आपटलं म्हणजे अजून वेळ आहे, वडिलांचा आवाज एकदम बारीक झाला की आता सुरू होणार. ते दारात चप्पल कशी काढतात त्यावरनं सगळी संध्याकाळ कळायची. शाळेत मास्तर म्हणायचे लक्ष नाही ह्याचं. लक्ष सगळं घराकडं असायचं, आत्ता आई एकटी आहे, आत्ता वडील जेवायला आले असतील, हेच डोक्यात. तुमचा भाचा खेळणी दिवाणाखाली सारतोय ते मी वाचलं आणि अंगावर काटा आला बघा.

अजून एक सांगतो जे कुणी बोलत नाही. मला मारत नाहीत याचं मला कधी बरं वाटलं नाही, लाज वाटायची. आदल्या रात्री आईला मारलेलं असायचं आणि सकाळी वडील मला घेऊन मिसळ खायला जायचे, मी खायचो, आणि खाल्ली याची दिवसभर लाज वाटायची. लहान पोराला हे कुणाला सांगता येत नाही हो. त्याला वाटतंय आपण बापाच्या बाजूचे झालो.

आणि "पोरांना हात लावत नाही" हे पोरगं मध्ये पडत नाही तोवरच असतंय. मी अकरा वर्षांचा असताना मध्ये पडलो, ढकललं गेलो, उंबऱ्यावर डोकं आपटून टाके पडले. वडिलांना मला मारायचं नव्हतं, पण टाके पडायचे ते पडले. तुमचा नऊचा आहे, हे ध्यानात ठेवा.

आपोआप जातंय का विचारलंय. माझं गेलं नाही. लग्नानंतर बायकोनं नुसता आवाज चढवला तरी माझे हात गार पडायचे, गाडी काढायचो आणि रंकाळा तलावावर जाऊन बसायचो, तिला वाटायचं ह्याला आपली किंमतच नाही. शेवटी मानसोपचार डॉक्टरांकडं गेलो, काही महिने गोळ्या आणि बराच काळ नुसतं बोलणं, त्यानं फरक पडला. भाऊ मात्र दारूत गेला तो गेलाच. आई आजही म्हणते तुमच्यासाठी सोसलं. तिला मी दोष देत नाही, त्या काळी तिला जायला जागाच नव्हती, माहेरी दार बंद होतं. तुमच्या आक्काला तुम्ही आहात, हा लई मोठा फरक आहे.

गंगावेशकर:

मुली, मी जुन्या माणसांपैकी आहे, रागावू नकोस. नवरा-बायकोत कमीजास्त होतं. लगेच कोर्टकचेरी करून संसार मोडला तर पोरं ना इकडची ना तिकडची होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसवा, जावयाला नीट समज द्या, दारू सोडवायचं बघा. माणूस पोरांना जीव लावतो म्हणजे आत कुठंतरी चांगला आहे. त्याला धरून चाला एवढंच सांगणं.

शाळेतली_समुपदेशक:

मावशी, मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, अशी मुलं माझ्यासमोर नेहमी असतात. तुम्ही जे सांगितलं ते सगळं ओळखीचं आहे. म्हणजे मुलांमध्ये काही खोट आहे असं नाही, मुलं त्या घरात जगायला शिकलीत. मुलांना न बघता निदान करता येत नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक हो असंच आहे.

आधी मोटरसायकलचं. सतत धोक्यात राहणाऱ्या मुलाच्या मेंदूत धोका ओळखणारा भाग, त्याला अमिग्डला म्हणतात, तो कायम जागा राहायला लागतो, आणि कॉर्टिसॉल वगैरे ताणाची संप्रेरकं पुन्हा पुन्हा वाढत राहतात. परीक्षेच्या दिवशी वाढली आणि नंतर उतरली तर काही बिघडत नाही, पण रोज संध्याकाळी वाढत असतील तर झोप, भूक, लक्ष, आठवण सगळ्यावर परिणाम होतो. म्हणूनच "इथं पप्पा नाहीत" हे त्याला कळतं तरी शरीर उठून उभं राहतं, समजावून ते थांबत नाही. ते थांबायला बरेच दिवस काहीच वाईट न घडता जावे लागतात. अशा कितीतरी मुलांवर शाळेत चंचल, आळशी असा शिक्का बसतो आणि घरात काय चाललंय हे कुणी विचारतच नाही.

धाकटीचं अंथरूण, चिकटून राहणं, हे या वयाचं बोलणं आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला "मला भीती वाटते आई मरेल" असं वाक्य येत नाही, मग शरीर एक पायरी मागं जातं. तिला त्यावरून रागावू नका, चिडवू तर अजिबात नका, चादर बदला आणि विषय सोडून द्या. एकदा बालरोगतज्ज्ञांना मात्र दाखवा, लघवीचं इन्फेक्शन वगैरे नाही ना ते बघायला. आणि लहानांना काय कळतंय म्हणणाऱ्यांसाठी सांगते, अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात सहा ते बारा महिन्यांच्या बाळांचे झोपेत मेंदूचे स्कॅन केले होते, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. झोपेत सुद्धा रागावलेल्या आवाजाला मेंदू वेगळा प्रतिसाद देत होता, आणि ज्या घरात आईवडिलांची भांडणं जास्त त्या बाळांचा प्रतिसाद जास्त तीव्र होता.

मारत नाही हा मुद्दा. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांचा एक खूप मोठा अभ्यास आला, हजारो मोठ्या माणसांना लहानपणी घरात काय काय झालं ते विचारलं. त्यात मुलाला मारणं, लैंगिक अत्याचार यांच्या रांगेतच "आईला मारहाण होणं" हा सुद्धा एक वेगळा प्रकार धरलेला आहे. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण असं काहीच न झालेल्यांपेक्षा चार ते बारा पट होतं, आणि हृदयविकारासारखे आजारही जास्त होते. बघणं, ऐकणं, दुसऱ्या दिवशी आईचा सुजलेला चेहरा बघून शाळेत जाणं, हे सगळं मुलाच्या अंगावरच येत असतं.

घाबरवायला सांगत नाहीये. हे प्रमाण आहे, प्रत्येक मुलाचं भविष्य नाही. हवाई बेटांतल्या काउआई इथं एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या जवळपास सातशे मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, व्यसन, भांडणं अशा घरांतली मुलं त्यात होती आणि त्यातली साधारण एक तृतीयांश चांगली, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्यात बहुतेकांना कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस मिळालेलं होतं, आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. तुम्ही ते माणूस होऊ शकता, किंबहुना झालाच आहात.

मोठ्यानं थोबाडीत मारली आणि मग कडी लावून रडला, यातलं रडणं महत्त्वाचं आहे. घरात त्यानं दोनच जागा पाहिल्यात, मारणाऱ्याची आणि मार खाणाऱ्याची, आणि त्याला दुसरी नको आहे. त्याला "तू पण बापासारखाच होणार" असं कुणीही, रागात सुद्धा, म्हणू नका. मारणं चालणार नाही हे शांतपणे सांगा आणि राग आल्यावर काय करायचं ते दाखवा, बाहेर जाणं, चेंडू भिंतीवर मारणं, माझ्याकडं येणं.

गंगावेशकर काका, तुमची कळकळ कळते. पण दोन्हीकडची माणसं बसवून चारचौघांत समज दिली की बऱ्याचदा त्याच रात्री घरी गेल्यावर "माझी अब्रू घालवलीस" म्हणून जास्त मार बसतो, हे मी कितीतरी बायकांकडून ऐकलंय. आणि आईला मारणारा माणूस मुलांना जीव लावतो असं आपण म्हणतो तेव्हा त्या मुलांचा जीव कुणात आहे हे विसरतो.

धाकटी_मावशी:

तुमचं सगळ्यांचं वाचून दोनदा रडले. पेठेतला दादा, मिसळीचं वाचून मला भाच्याचं एक कळलं, दाजींनी आणलेला खाऊ तो खात नाही, बहिणीला देऊन टाकतो, आम्ही म्हणायचो किती गुणाचा आहे.

मॅडम, मी त्याला सरळ विचारू का घरी काय होतं? आणि शाळेत सांगायचं का? आक्का म्हणते शाळेत कळलं तर पोराला नावं ठेवतील.

शाळेतली_समुपदेशक:

खोदून खोदून विचारू नका. "पप्पांनी मम्मीला कुठं मारलं, तू काय केलंस" असं विचारलं की मुलाला साक्षीला उभं केल्यासारखं वाटतं. तुम्ही तुमच्या बाजूनं सांगा, की घरी आवाज होतात, मम्मीला लागतं, हे मला माहिताय. हे तुझ्यामुळं होत नाही. थांबवणं हे तुझं काम नाही, आम्हा मोठ्यांचं आहे. एवढं बोलून त्याच्यासोबत भाजी निवडत बसा, कॅरम खेळा, बोलायचं असेल तर तो बोलेल. बोलला तर मध्ये तोडू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येईल असं नाही.

दाजींना शिव्या त्याच्यासमोर घालू नका. त्याचं बापावर प्रेम आहे आणि भीती पण आहे, दोन्ही एकदम असतं.

एक गोष्ट मात्र आक्काच्या संमतीनं त्याला आत्ताच शिकवा, मारामारी सुरू झाली की मध्ये पडायचं नाही, बहिणीचा हात धरून ठरलेल्या शेजारणीच्या घरात जायचं. पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर फिरवता आला पाहिजे. मुलांसाठी १०९८ आहे, मूल स्वतः फोन करू शकतं. शेजारणीला आधी विश्वासात घ्या.

चौथीच्या_बाई:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत सांगाच, पण सगळ्यांना नको, वर्गशिक्षकांना एकट्याला. आम्हाला गोष्ट कळायची गरज नसते हो, एवढंच कळलं तरी पुष्कळ की घरी त्रास आहे, गृहपाठ झाला नाही तर त्याला उभं करू नका. माझ्या वर्गात एक मुलगा शाळा सुटल्यावर फळा पुसायला थांबायचा, रोज, काहीतरी काम द्या म्हणायचा. त्याला घरी जायचं नसायचं. मग मी त्याला वाचनपेटीचं काम दिलं. काही न विचारता. वर्ष संपता संपता त्यानंच सांगितलं.

छडी तर कुठल्याच मुलाला मारायची नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदीच आहे, पण घरी असं असलेल्या मुलावर नुसता मोठ्यानं ओरडलं तरी ते दिवसभर कोऱ्या चेहऱ्यानं बसतं, हे शिक्षकांना कुणी सांगत नाही.

काळा_कोट:

वकील आहे, कोल्हापुरातच प्रॅक्टिस. कायद्याचं सांगतो.

काका म्हणतात तसं संसार मोडायचा की नाही हा निर्णय आक्काचा. पण कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, त्यात घटस्फोट मागावाच लागत नाही. हा दिवाणी स्वरूपाचा दिलासा आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश, घरातून न काढण्याचा आदेश, तिचा आणि मुलांचा खर्च, आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा, हे सगळं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं मागता येतं. नवऱ्याला मुलांच्या शाळेत जायला मनाई मागता येते. तातडीचं असेल तर कलम २३ खाली समोरच्याला ऐकायच्या आधीही अंतरिम आदेश होऊ शकतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय, खरं सांगायचं तर जास्त वेळ लागतो, म्हणून अंतरिम आदेशावर जोर द्या.

आक्का तुमच्याकडं राजारामपुरीत येऊन राहिली तर अर्ज कोल्हापुरातच करता येतो, कागलला जावं लागत नाही, ती तात्पुरती जिथं राहते तिथलं कोर्ट चालतं. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. महिलांची हेल्पलाइन १८१. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागात असतात, ते घटनेचा अहवाल भरून कोर्टात देतात. मार लागला असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवा आणि "पडले" असं लिहून घेऊ नका, कुणी मारलं ते डॉक्टरांना सांगा, ते कागद पुढं कामाला येतात.

वेगळा फौजदारी मार्गही आहे. नवऱ्याच्या क्रूरतेसाठी आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

आणि काका, घरातली गोष्ट घरात हे आपल्या कोल्हापूरनं लई आधी नाकारलंय. शाहू महाराजांनी १९१९ मध्येच संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता.

एक सावधगिरी. बाई घर सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. दाजींना सांगून, भांडून निघायचं नाही. दिवसा, ते कामावर असताना, पोरं सोबत घेऊनच.

गंगावेशकर:

मुलाच्या डोक्याला टाके पडल्याचं वाचून मी गप्प बसलो होतो. बैठकीचं मी म्हणालो ते मागे घेतो. मुली, तुझ्या आईला आणि मामाला माझ्या वयाच्या माणसानं बोलायला हवं असेल तर मेसेज कर, मी राजारामपुरीत येऊन बोलेन. लेकीला दार उघडं आहे एवढं आईच्या तोंडून गेलं पाहिजे.

धाकटी_मावशी:

काका, खरंच कराल का? आई माझं ऐकत नाही, वडीलधाऱ्यांचं ऐकते.

काल आक्काशी बोलले, दाजी सेकंड शिफ्टला होते. मी कायद्याचं काही बोललेच नाही आधी, खेळणी दिवाणाखाली सारतो ते सांगितलं. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली मला वाटायचं ती झोपलेली असतात. यायचं म्हणतेय, पण पोराची शाळा मध्येच कशी सोडायची, दाखला दाजी काढू देणार नाहीत, याच्यावर अडलीय. दाखल्याशिवाय इकडच्या शाळेत घेतात का?

काळा_कोट:

घेतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा मुलाला हक्क आहे, आधीच्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वर्षाच्या मध्ये आला तरी चालतं. धाकटीचा ताबा कुणाकडं हा प्रश्न आला तर पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडंच ठेवायचं असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे, मोठ्याच्या बाबतीत कोर्ट त्याचं हित बघतं आणि त्याच्याशी बोलतं पण.

आत्तापासून थोडं थोडं करून तुमच्या घरी आणून ठेवा: तिचं आणि पोरांचं आधार, जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, दवाखान्याचे जुने कागद, तिचे दागिने. फोटो काढून तुमच्या मोबाईलवर ठेवा, तिच्या नको, दाजी तिचा फोन बघत असतील. आणि धाकटी ज्या चादरीशिवाय किंवा खेळण्याशिवाय झोपत नाही ते निघायच्या दिवशी विसरू नका, कागदांच्या गडबडीत तेच राहून जातं.

चौथीच्या_बाई:

राजारामपुरीत महापालिकेची शाळा आहे, मुख्याध्यापकांना आधी जाऊन भेटा, आक्का यायच्या आधीच. काय बोलायचं ते कळत नसेल तर मला मेसेज करा, मी सोबत येते, शनिवारी आमची सकाळची शाळा असते.